मेल लेट आहे

दुपारच्या झोपेच्या वेळी पाळणाघरातली सगळी मुलं टक्क जागी होती आणि वसुमतीबाईंचा डोळा लागला होता. अंगाई म्हणता म्हणता त्या स्वतःच कलंडल्या होत्या. समर्थ त्यांच्या चष्म्यातून छताकडे बघत होता. श्रुतिकाने शाडूच्या मातीचे गोळे करून बाईंच्या पायांच्या बोटांवर एकेक बसवले होते, आणि छोटी अदिती बाईंना थोपटत होती.

नेमकी तेव्हाच अदितीची आई दारात आली. सुषमा पोस्टात कामाला होती. अर्धी रजा टाकून ती लवकर आली होती.

"बाई!"

वसुमतीबाई धडपडून उठल्या. मातीचे गोळे घरंगळत सुषमाच्या चपलांपर्यंत गेले.

"राग मानू नका," सुषमा म्हणाली, "पण अदिती इथे झोपतच नाही. मग दिवेलागणीला ताटावर पेंगते आणि मध्यरात्री उठून खेळायला मागते. ह्यांना पहाटेची शटल पकडायची असते. सोमवारपासून तिला तलासरीला आईकडेच ठेवते. आम्ही रविवारी जाऊन भेटू."

आई-बापांपासून आठवडाभर लांब, तेही झोपेपायी! वसुमतीबाईंनी अदितीला जवळ ओढलं. सगळी हयात प्राथमिक शाळेत गेलेली. अख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करायच्या त्या. आता डहाणूत, घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर काढताना दिवसभराचा क्रम त्यांनी नीट आखला होता. प्रार्थना, माती, गाणी, जेवण, झोप, दूध. प्रार्थनेला मुलं हात जोडत, जेवायला तर सांगण्याआधी बसत. झोपेचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. खिडक्यांना चादरी लावून झाल्या, टाळूला तेल घालून झालं. डोळे वटारल्यावर मुलं डोळे मिटत आणि मिटल्या डोळ्यांनी गप्पा मारत.

"सोमवारपर्यंत थांब," त्या एवढंच म्हणाल्या.

त्यांचे यजमान दशरथ चुरी ओटीवर बसून सगळं ऐकत होते. रेल्वेतून असिस्टंट स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात पाणी भरण्यापलीकडे काम उरलं नव्हतं.

"मी झोपवून बघू का?"

"तुम्ही? तुम्ही मुलांना चाळवता. मागे शिट्टी वाजवलीत, तर संध्याकाळपर्यंत कुणी बसलं नाही."

पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनीच हाक मारली. "अहो, या. आता तुम्हीच बघा."

दशरथरावांनी चटया एकामागे एक अंथरल्या. "चला, बसा डब्यात. पॅसेंजर सुटतेय."

चूक झाली. गाडी घोलवडला पोचायच्या आत समर्थ चहावाला झाला. "चाय गरम, चाय गरम!" घोलवडला सगळे चिकू घ्यायला उतरले. उंबरगावला दोघांची खिडकीवरून मारामारी झाली. परतीच्या गाडीत तर श्रुतिका डब्याच्या टपावर, म्हणजे टेबलावर चढली.

"झोपवायला सांगितलं होतं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

गाडी कशीबशी डहाणूला परत आली. दशरथरावांनी हात वर केला. "थांबा. आता गाडी इथेच उभी राहणार. मागून मेल येतेय, ती आधी पुढे जाऊ द्यायची. मग आपण थेट सुरतेला."

"कधी येणार मेल?" समर्थने विचारलं.

"लेट आहे."

"किती लेट?"

"कळवलेलं नाही."

मुलं बसून राहिली. थोड्या वेळाने अदिती म्हणाली, "सिग्नल पडला?"

"नाही."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही. गाडी उभी असली की काही करायचं नसतं."

दशरथराव हे अगदी ड्यूटीवरच्या आवाजात बोलले. त्या आवाजापुढे आजवर भलेभले प्रवासी थकले होते. समर्थने आणखी एकदा "चाय गरम" म्हणून पाहिलं, पण त्यात जीव नव्हता. कुणीतरी जांभई दिली. ती एका चटईवरून दुसऱ्या चटईवर गेली. श्रुतिकाचं डोकं समर्थच्या पाठीवर टेकलं. समर्थ तिला ढकलायला वळला आणि वळता वळताच आडवा झाला.

वसुमतीबाई हात पुसत दाराशी आल्या. इतकी शांतता त्या खोलीत कधी नव्हती. त्या घाबरल्याच.

"मेल गेली का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"छे," दशरथराव म्हणाले. "येऊ दे सावकाश."

संध्याकाळी सुषमा आली, तेव्हा अदिती नुकतीच उठून दूध पीत होती. तिच्या गालावर चटईची नक्षी उमटली होती. सुषमाने त्या नक्षीवरून बोट फिरवलं.

"आईला कळवते," ती वसुमतीबाईंना म्हणाली. "हिला नाही पाठवत म्हणून."

वसुमतीबाईंनी यजमानांच्या हातात, न मागता, चहाचा कप दिला.

अदिती मात्र रागावलेली होती. "आजोबा, मी झोपले तेव्हा गाडी कुठपर्यंत गेली?"

"कुठे नाही. इथेच उभी होती."

"म्हणजे आपण गेलोच नाही? सुरतेला पण नाही?"

"नाही."

"तुम्ही गेलात कधी सुरतेला?"

दशरथरावांनी कप खाली ठेवला. "राहूनच गेलं गं. सगळ्यांच्या गाड्या सोडायला कुणीतरी फलाटावर लागतं ना."

अदितीने विचार केला. मग दुधाचा पेला खाली ठेवून तिने त्यांचा अंगठा धरला.

"उद्या माझ्याशेजारी बसा," ती म्हणाली. "खिडकी तुम्हाला."