भुजंगरावांचं ताट

भुजंगरावांनी ताटातच हात धुतला. नुसता हात धुतला असता तर एक वेळ चाललं असतं. खळखळून चूळ भरली आणि तीही ताटातच सोडली. उरलेल्या रश्शावर पाणी चढलं, चघळलेली हाडं बुडाली, भाकरीचा एक तुकडा फुगून वर आला. मग ढेकर देऊन भुजंगराव मास्तर लोडाला टेकले.

कुणी म्हणेल, यात एवढं काय? पाहुण्यानं ताटात हात धुतला म्हणून यांनीही धुतला. औरंगाबादेहून आलेले बद्रीनाथराव एका मासिकाचे संपादक. त्यांच्यासमोर उठून मोरीवर जाणं भुजंगरावांना गावंढळ वाटलं असावं. पण एरवी ते न चुकता मोरीवर जात. कारण त्यांचं झालं की त्याच ताटात, ते न धुता, त्यांची बायको द्वारकाबाई जेवायला बसायची. घराची रीतच तशी. सासू केशरबाई तशाच जेवल्या, त्यांची सासूही तशीच. आज मास्तर तेवढं विसरले.

विसरणारच. भोकरदनच्या या मराठीच्या मास्तरांची पहिली कादंबरी छापून आली होती. साल पंचाहत्तरचं, म्हणजे महिला वर्षाचं आणि कादंबरीही बाईच्या मुक्तीची. त्यातली सुनंदा नवऱ्याचं घर सोडून जाते, स्वतःला शोधायला. त्या आनंदात रविवारी दुपारी मटणाचा बेत होता, आणि जेवणं झाल्यावर शेवटचं प्रकरण मास्तर स्वतः वाचून दाखवणार होते. मास्तर बैठकीत पाहुण्यांना सुनंदाची गोष्ट सांगत होते, ती सकाळपासून चुलीपुढं बसलेल्या द्वारकाबाईनं आतूनच ऐकली. भाकरी थापता थापता तिला ती बाई आवडलीही. बाईच्या मनातलं मास्तरांना बराबर कळतं, असं पाहुणे म्हणाले तेव्हा तिला खरंच बरं वाटलं. बिचारी!

मग ती ताटं उचलायला बैठकीत आली आणि नवऱ्याचं ताट बघून जागीच थांबली.

बद्रीनाथराव भला माणूस. वहिनी कधी जेवणार, असं त्यांनी आपणहून विचारलं.

"ती माझ्या ताटाबिगर जेवतच न्हाई," भुजंगराव हसत म्हणाले. "मी कधी म्हणलो न्हाई हां. तिचीच हौस."

हौस म्हणे. सुपारी कातरता कातरता माणूस हे बोलला आणि त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

द्वारकाबाई ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. केशरबाईंनी ताटात डोकावून पाहिलं. त्यांच्याही कपाळाला आठी पडली, पण रीत ती रीत. पाणी ओतून दे, पुसून घे आणि बस, असं त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक तर ताटात तंबाखू थुंकायचे, तरी त्यांनी कधी दुसरं ताट घेतलं नव्हतं. हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

द्वारकाबाईनं पाणी ओतलं. तळाशी तेलकट थर होता, त्याला मिशीचा एक केस चिकटलेला. तिनं पदराच्या टोकानं पुसलं, भाकरी घेतली, रस्सा वाढून घेतला. पोटात आग पडली होती. पण घास तोंडापाशी आला आणि घशातून आंबट पाणी वर आलं. तिनं घास खाली ठेवला. आणि तिला एकदम कळलं, की हे आजचं नाही. लग्न होऊन या घरात आली, त्या पहिल्या ताटापासून तिला हेच होत होतं. आधी तिला वाटलं, आपण लाजतोय. मग वाटलं, होईल सवय. लाजही नव्हती आणि सवयही झाली नव्हती. ही किळस होती. उघड्या गटारीची येते, तशी साधी किळस.

"मला न्हाई जमायचं, आत्याबाई," ती म्हणाली. "किळस येती."

"नवऱ्याची?"

"त्यांच्या उष्ट्याची. न् आत्ता जे बोलले, त्याची बी."

केशरबाईंनी तोंडावर हात ठेवला. हळू बोल म्हणाल्या. त्यानं ऐकलं तर उद्या सकाळी जाफराबादच्या गाडीत बसवून माहेरी धाडेल, आणि परत आणायला जाणार नाही. तो माझा पोरगा आहे, मी त्याला ओळखते, असंही म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. द्वारकाबाईलाही ते ठाऊक होतं.

तिनं ताट तसंच्या तसं मोरीत नेऊन ठेवलं. हात धुतले. फळीवरचं कोरं ताट काढलं, दोन भाकरी घेतल्या आणि पातेल्यात पळी पार तळापर्यंत घालून मटणाच्या फोडी वाढून घेतल्या. या घरात फोडी पुरुषांच्या आणि रस्सा बायकांचा.

बैठकीत वाचन रंगात आलं होतं. सुनंदानं मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं होतं आणि ती उंबऱ्याकडं निघाली होती. तेवढ्यात द्वारकाबाई ताट घेऊन आली आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसली. भुजंगराव थांबले. दात आवळून, पण आवाज गोड ठेवून त्यांनी तिला आत जाऊन जेवायला सांगितलं.

"वाचा की तुम्ही," ती म्हणाली. "मी ऐकून राह्यले."

बद्रीनाथरावही म्हणाले, वाचा, वाचा. भुजंगरावांनी दोन ओळी कशाबशा वाचल्या. तिनं तोवर भाकरी मोडली, कालवून घेतली, घास खाल्ला. सावकाश चावून गिळला.

"एक विचारू का," ती म्हणाली. "ही तुमची सुनंदा घर सोडून चालली, ती जेवून निघाली का उपाशीच?"

बद्रीनाथराव उत्तरासाठी मास्तरांकडं बघायला लागले. भुजंगरावांनी पानं मागं उलटली, मग आणखी मागं, पार पहिल्या प्रकरणापर्यंत. अख्ख्या कादंबरीत ती बाई कुठंच जेवली नव्हती.