मापाचा ब्लाऊज

मी सवयीने पिशवीतून जुना ब्लाऊज काढून सावर्डेकरबाईंच्या शिलाई मशीनवर ठेवला. "याच मापाचा शिवा."

"आई, पुन्हा तोच बंद गळा? आणि कोपरापर्यंत बाह्या?" लेक दुकानातच म्हणाली. "चव्वेचाळीसची आहेस, पण यात आजीएवढी दिसतेस!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाई शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. लग्नानंतर मी पहिल्यांदा इथे आले, तेव्हा त्यांनी स्वतःचाच ब्लाऊज मापाला दिला होता. "अंगात थोडा आत घ्या, बाकी असाच," एवढंच सांगितलं होतं. मग त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असे बावीस वर्षं ब्लाऊज शिवले गेले. माझं माप असं कुणी घेतलंच नव्हतं.

"आज टेप लावून माप घ्या," मी म्हणाले. "गळा मोठा हवा आणि बाह्या छोट्या." आवाज जरा चढलाच. सासूबाईंकडे न बघता मी हात पसरून उभी राहिले. दंडाला टेप लागली तशा गुदगुल्या झाल्या आणि मला चक्क हसू फुटलं.

माप वहीत उतरलं, तशा सासूबाई काठी टेकत उठल्या. झालं, रागावून निघाल्या, असंच मला वाटलं. पण त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि सावर्डेकरबाईंसमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"आता माझंही घ्या. तो गळा माझ्या सासूबाईंचा होता."