नाव पुकारून

त्या ऑनलाइन खेळातल्या विधानसभेत प्रत्येकाला उघड मत द्यावं लागे, आणि सभापतींच्या विरोधात जाणाऱ्याचं खातं लवकरच बंद पडे. म्हणून अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या मारिटने ठराव मांडला की यापुढे मतदान गुप्त व्हावं. आज त्यावर मतदान होतं; अर्थात जुन्याच पद्धतीने, एकेकाचं नाव पुकारून.

फोनवर त्याच विधानसभेतला तिचा मित्र डेस्मंड होता. "अगं, घाबरतेस काय? सगळ्यांनी तुला खाजगीत शब्द दिलाय."

"आधी तुझं मत दिसू दे, मग बोल."

"दिसेलच. ठराव मांडणारीचं नाव शेवटी असतं, बाईसाहेब."

पहिल्या नावापुढे उमटलं, 'विरोध'. दुसऱ्यापुढेही तेच. मग एकामागोमाग एक सगळ्यांपुढे. डेस्मंडचं नाव आलं. पडद्यावर 'विरोध' दिसलं.

"माफ कर गं," तो पुटपुटला. "माझी सगळी दोस्तमंडळी तिथेच आहेत."

बर्फाने वेढलेल्या घरात एकटी राहणाऱ्या मारिटचीही बोलायची माणसं तीच होती. सभापतींनी तिचं नाव पुकारलं. तिने बटण दाबलं.

सभापतींनी निकाल जाहीर केला, "ठराव एकमताने फेटाळला."