चाळिसावं पान

"हाही गाळच," परीक्षक म्हणाला आणि त्याने सातवी कादंबरी जमिनीवर टाकली.

साथीमुळे शाळा बंद होत्या, मुलं घरात कोंडली होती आणि परीक्षकही. दहा ते पंधरा वयाच्या या घरबसल्या मुलांसाठी वर्तमानपत्राला दहा कादंबऱ्यांची शिफारस हवी होती. यादी गाजली तर मुलांची पुरवणी परीक्षकाच्या हाती येणार होती. फसली तर त्याचं सदरही बंद. संपादकबाईंनी हे फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"आणि सर, या वेळी वाचलेलीच पुस्तकं सुचवा. मागच्या यादीवर फार पत्रं आली होती."

त्या पत्रांचा त्याला संताप होता. वीस वर्षं पुस्तकांवर लिहिणाऱ्याला शेंबडी पोरं जाब विचारणार! त्याची पद्धत ठरलेली होती: पहिलं पान, चाळिसावं पान, शेवटचं पान. शितावरून भाताची परीक्षा, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. पोटभर भात त्याने कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

जेवणाच्या टेबलावर बायको घड्या घातलेल्या छापील पानांचे फर्मे शिवत होती. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना बंद पडल्यावर तिने काम घरी आणलं होतं, दाभण, खळ आणि हिरव्या दोऱ्याच्या रिळांसकट.

"तुझं बरंय," तो म्हणाला. "पुस्तक शिवायला डोकं लागत नाही."

"हो ना," बायको म्हणाली. "फक्त एकही पान सोडून चालत नाही."

त्याचं लक्ष नव्हतं. बायकोच्या बोलण्याकडे ते सहसा नसायचंच.

तेरा वर्षांच्या लेकीने जमिनीवरचं सातवं पुस्तक उचललं. "बाबा, हे घ्या ना यादीत. मी चार वेळा वाचलंय."

"चाळिसाव्या पानावर कुत्रा मरतो. नुसतं रडगाणं."

"मरत नाही तो. चौऱ्याहत्तराव्या पानावर उठतो."

"आता तू मला वाचायला शिकवणार? तुमच्या वयाच्या पोरांना काय कळतं? समोर टाकलं ते चघळायचं. म्हणून तर आम्ही लागतो."

लेकीने पुस्तकाची धूळ फ्रॉकला पुसली. तिला अपमान वाटला. स्वतःचा थोडा, कुत्र्याचा जास्त.

त्यानंतर तीन दिवस ती दुपारी दार लावून लिहीत बसली. खोडायची, पुन्हा लिहायची. जेवायला हाक मारली तरी लवकर उठायची नाही. परीक्षकाने एकदा दारातून डोकावून पाहिलं.

"कादंबरी लिहितेयस की काय?"

लेकीने कागदावर हात ठेवला. "प्रयत्न करतेय."

"कर, कर. हल्ली कुणीही लिहितं," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

चौथ्या दिवशी तिने लिहिलेलं संगणकावर टाइप करून छापलं आणि ते कागद आईच्या हातात दिले. आईने ते तिथेच उभ्या उभ्या वाचले. मग चष्मा काढून लेकीकडे पाहिलं.

"झालं लिहून?"

"हो. लागत होतं तेवढं."

"पुठ्ठा कुठला घालू?"

"निळा. आणि आई, खुणेची फीतही घाल."

शनिवारी परीक्षकाच्या ढिगात एक निळं पुस्तक होतं. लेखकाचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं, पण पहिल्याच पानाने त्याला धरलं. गावाबाहेरच्या दीपगृहात एकटी राहिलेली मुलगी, आणि खालून कुणीतरी जिना चढतंय. लाल फीत नेमकी चाळिसाव्या पानावर होती. तिथे मुलगी दाराला कान लावते आणि प्रकरण संपतं. समोरच्या पानभर बंद दाराचं शाईचं चित्र होतं. शेवटचं पान तर त्याने पुन्हा एकदा वाचलं. असं फार दिवसांत झालं नव्हतं. नऊ कादंबऱ्या त्याने नाक मुरडत निवडल्या आणि ही यादीत पहिली लावली.

"एका बैठकीत वाचून काढली," त्याने लिहिलं. "मधला भाग दोनदा वाचला. मुलांना तो झेपेल की नाही, शंका आहे. बांधणीचा हिरवा दोराही समुद्राच्या रंगाला साजेसा."

हे छापून आलं तेव्हा लेकीने आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई हिरव्या दोऱ्यावरच्या वाक्याशी हसली. परीक्षकाला वाटलं, घरात निदान आता तरी आपली किंमत कळली.

यादी गाजली. मुलं त्या निळ्या पुस्तकासाठी आईबापांच्या मागे लागली, पण ते कुठल्याच दुकानात मिळेना. संपादकबाईंनी कार्यक्रम ठरवला: परीक्षक घरूनच कॅमेऱ्यासमोर बसेल आणि दोनशे मुलं आपापल्या घरून ऐकतील. कार्यक्रमाच्या शेवटी पुरवणीची घोषणा होणार होती.

परीक्षकाने इस्त्रीचा शर्ट घातला. पहिलं पान त्याने छान वाचलं, चाळिसावं त्याहून छान. मुलं श्वास रोखून ऐकत होती. तो पुस्तक मिटणार, तेवढ्यात संपादकबाई म्हणाल्या, "एका मुलीने लिहून पाठवलंय, वय वर्षं तेरा. मधला भाग सरांनी दोनदा वाचलाय, तर दार उघडल्यावर काय होतं तेवढं वाचून दाखवा म्हणते. पुस्तक कॅमेऱ्याकडे धरा सर, मुलांनाही बघू दे."

"हौसेने," परीक्षक म्हणाला. मुलांवर उपकार केल्यासारखं हसत त्याने बंद दाराच्या चित्राचं पान उलटलं आणि पुस्तक पडद्यासमोर धरलं.

दोनशे मुलांना ते त्याच्या आधी दिसलं. मग पडद्यावरच्या स्वतःच्या चौकटीत त्यालाही दिसलं. त्याने आणखी एक पान उलटलं, मग चार, मग भराभर वीस-पंचवीस. हिरव्या दोऱ्याने नीट शिवलेली ती सगळी पानं कोरी होती.