साधाच भोवरा

डांगी जनावरांच्या लिलावात कवडी नावाच्या गाईची बोली चढत चालली, तेव्हा मी तिच्या पाठीवरच्या केसांच्या भोवऱ्यावरून हात फिरवला आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच म्हणालो, "भोवरा वाईट आहे. घरधन्याला खातो."

भोवरा साधाच होता. पण जनावरांतलं मला कळतं असं सगळे मानतात. बोली तिथेच थांबली आणि अशी अस्सल गाय मला निम्म्या भावात मिळाली.

विकणारी म्हातारी जवळ आली. "खरं का, दादा? घरधन्याला?"

चारचौघांत मी मान हलवली.

"तरीच. आमचं मालक दिवाळीत गेलं. तवापासून हिच्याच गळ्यात पडून रडतीय मी."

भोवरा साधा आहे, एवढंच सांगायचं होतं. पण मग गाय सोडावी लागली असती.

आमच्याकडे गाय विकली तरी दावं देत नाहीत. घरची लक्ष्मी जाऊ नये म्हणून ते परत नेतात. मी कवडीच्या गळ्यातलं दावं सोडून म्हातारीपुढे धरलं. तिनं हात मागे घेतला.

कवडी हंबरली. म्हातारीनं दोन्ही कानांवर पदर घट्ट ओढला आणि मागे न बघता चालू लागली.