झावळीची गाठ

ग्लासातला गाळ तळाशी बसायला बारा मिनिटं लागली. सेल्विन घड्याळाकडे बघत नव्हता, पण वनखात्यात गाळ मोजण्याच्या इतक्या वर्षांच्या सवयीने त्याला ते कळलं. तांबडा, बोटभर जाड थर. वरचं पाणी तरीही चहाच्या रंगाचंच.

“पी की,” हिल्डा म्हातारी म्हणाली. “आपल्या झऱ्याचंच आहे.”

त्याने दोन घोट घेतले. दातांखाली कचकच लागली.

चर्चची घंटा झाली तशी माणसं न्गालीच्या झाडाखाली जमली. वनखात्याचा माणूस राजधानीहून कागद घेऊन आलाय, हे बोट किनाऱ्याला लागायच्या आतच गावभर झालं होतं. कागदाला सहा वर्षं का लागली, यावर सुपारी चघळत बोलणं चाललं होतं. सरकारला पोहता येत नाही, असं कुणीतरी म्हणालं. फारसं कुणी हसलं नाही.

सहा वर्षांपूर्वी हिल्डाने डोंगराच्या वाटेवर झावळी आडवी बांधली होती. डोंगर तिच्या आईकडून तिच्याकडे आलेला. तिने मारलेली गाठ तीच सोडेपर्यंत वर कुणी कोयतासुद्धा नेत नसे. लाकूड कंपनीची माणसंही तिथूनच परत फिरली होती. सेल्विननेच तिला समजावलं होतं, की मावशी, कोर्ट झावळी मानत नाही. सरकारकडे अर्ज कर, डोंगर राखीव करून घे. आणि निकाल लागेपर्यंत गाठ सोड, नाहीतर साहेब म्हणतील, तुम्ही आधीच ठरवून बसलात.

तिने गाठ सोडली. कंपनीचा तोडीचा परवाना आठ महिन्यांत आला.

कागद घरात बसून वाचू या का, असं सेल्विनने हळूच विचारलं.

“नको,” हिल्डा म्हणाली. “ज्याच्यासाठी मागितला, त्यालाही ऐकू दे.”

तिने आपलं स्टूल उचलून डोंगराकडे तोंड करून ठेवलं आणि बसली. मग एकेक करत सगळेच तिकडे वळले. सेल्विनपुढे नुसत्या पाठी उरल्या. त्यांच्या पलीकडे बोडका तांबडा उतार, त्यावर बुंधे.

त्याने कागद उलगडला. घसा साफ केला.

“आजपासून,” त्याने वाचलं, “या डोंगरावरचं एकही झाड कुणालाही तोडता येणार नाही.”