दांडीवरचं लुगडं

दांडीवर हिरवं नऊवारी लुगडं वाळत होतं.

भागवत अंगणातच थबकला. त्याची भाडेकरीण शिवकन्या गोल साडी नेसायची. घरात ती आणि तिचा टेम्पो चालवणारा नवरा धुळाजी, दोघंच. मग हे लुगडं कुणाचं?

एके काळी धारूरच्या या गल्लीत दर अंगणात अशी लुगडी वाळायची. दुपारच्या वाऱ्याला फडफडायची, आणि पोरं त्यांच्याआड लपाछपी खेळायची. भागवतही खेळला होता. आता लुगडी नेसणाऱ्याच उरल्या नव्हत्या.

"कुणी पाहुणं आलंय का?" त्याने विचारलं.

"न्हाई तर," शिवकन्या म्हणाली. लुगडं ओलंच ओढून घेत ती आत गेली.

घर विकत घेणारा नवनाथ भिंतीवर बोटं वाजवत मागून आला. गावात त्याचं कापडाचं दुकान होतं.

"भागवतराव, शेजारी म्हनतेत, इथं तिसरं माणूस ऱ्हातंय. दिवाळीच्या आधीपासून."

"लोकांना काय, उगं बोलतेत."

"लोक बोलतेत, पर खोकला कोण खोकलं? आत्ताच ऐकला मी." नवनाथ हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "हे बघा, पोटभाडेकरू घुसवला असंल तर आपलं जमायचं न्हाई. एकदा बसलेलं माणूस कोर्टाबिगर उठत न्हाई. आज मला घर मोकळं दाखवा. न्हाई तर राम राम."

भागवत घाईघाईने घराच्या दाराकडे वळला. अंबाजोगाईच्या फ्लॅटचा शब्द त्याने याच घराच्या भरवशावर दिला होता. नवनाथ गेला की फ्लॅटही गेला.

"अन् तुमच्या आईंचं काय?" नवनाथने विचारलं. "घर त्यांच्या नावावर हाय."

"आई लातूरला हाय, धाकट्या बंकटकडं. गुढीपाडवा ते दसरा माझी पाळी, दसरा ते पाडवा त्याची. दसऱ्याला मीच तिला एस्टीत बसवून दिलं. सांगंल तिथं अंगठा देती ती."

"बंकटरावाला विचारलं का?"

"वाटण्या झाल्यापासून त्याचं माझं बोलणं बंद हाय. पण पाळी एकदाबी चुकली न्हाई आमची." भागवतची मान जरा ताठ झाली.

"लई झालं. आमच्यात तर पाळीपायी डोकी फुटतेत."

दोघं स्वयंपाकघरात शिरले. मोरीपाशी धुतलेल्या तीन ताटल्या उपड्या घातल्या होत्या. चुलीजवळच्या वाटीत दुधात कुस्करलेली भाकरी. कोनाड्यात मिश्रीची डबी. भागवतने नाक मुरडलं. मिश्रीचा वास त्याच्या बायकोला सोसत नसे. त्यांच्याकडे ज्याला मिश्री लावायची, त्याने फाटकाबाहेर जाऊन लावायची, असा नियम होता.

"ही दूधभाकर कुणाला?"

"मांजराला," शिवकन्या म्हणाली.

"मांजर मिश्रीबी लावतंय वाटतं," नवनाथ म्हणाला.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. शिवकन्या हळूच सरकली आणि त्या दाराला पाठ लावून उभी राहिली. दोघांच्याही ते नजरेतून सुटलं नाही.

"उघड," भागवत म्हणाला.

"पसारा हाय आत."

"पसारा खोकत न्हाई. सरक."

"भाऊ, आजच्या दिवस जावा. हात जोडते. घर सोडा म्हनलाव तर सोडू आमी. पण ह्यो दरवाजा नगा उघडू. मी शब्द दिलाय."

"कुणाला दिलाय शब्द? किती भाडं उकळतीस गं त्यांच्याकडून?"

शिवकन्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. तिच्या नजरेत भीती नव्हती. भागवतला ते जास्तच झोंबलं.

"भाडं?" ती म्हणाली. "रुपाया न्हाई घेतला. ईच्चारा धुळाजीला."

"फुकटात कुणी कुणाला ठेवत न्हाई," नवनाथ पुटपुटला. "ह्याच्या मागं काहीतरी डाव हाय, भागवतराव. म्हातारं माणूस बसवायचं अन् मागून हक्क सांगायचा. लई बघितलेत असले."

भागवतच्या डोक्यात तेच चाललं होतं. एवढी वर्षं ही बाई सणावाराला पुरणपोळी धाडत होती, ती काय उगाच? त्याने दारावर थाप मारली. आतला खोकला एकदम थांबला, कुणी तोंडावर पदर दाबल्यासारखा.

"कोण हाय आत? मालक बोलतोय मी!" तो ओरडला. "फुकट ऱ्हायाला ही काय धर्मशाळा न्हाई. बोचकं बांधा अन् निघा! ज्यानं पोसायचं त्याच्या दारात जाऊन बसा!"

आत काहीतरी हललं. बांगड्या किणकिणल्या. शिवकन्याने डोळे मिटले आणि ती बाजूला झाली.

कडी सरकली. दार उघडलं. काखेत बोचकं होतं, बांधलेलंच. डोईवरचा पदर सावरत ती उंबऱ्यात उभी राहिली आणि भागवतच्या पायांकडे बघत म्हणाली,

"रागावू नगं, लेकरा. बंकटच्या दाराला कुलूप व्हतं, अन् तुजा पाडवा आजून आला न्हाई."